'जोशुआ प्रोजेक्ट'ची याओ पाने : प्रार्थनागटांना कितपत उपयोगी?

दूरदेशीच्या लोकसमूहांसाठी मध्यस्थीची प्रार्थना करण्याची प्रथा आपल्याकडच्या अनेक मराठी मंडळ्यांत आता रुळली आहे, आणि त्या प्रार्थनेसाठी लागणारी माहिती, मग ती पाळकांनी वाचून दाखवलेली असो की व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आलेली असो, पुष्कळदा मुळात एकाच ठिकाणाहून निघालेली असते. ते ठिकाण म्हणजे 'जोशुआ प्रोजेक्ट'. १९९५ साली सुरू झालेली आणि अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथून चालणारी ही माहितीसेवा जगातील लोकसमूहांची देशवार यादी ठेवते, प्रत्येक समूहाला स्वतंत्र पान देते आणि त्या समूहापर्यंत ख्रिस्ती सुवार्ता किती पोहोचली याचा अंदाज आकड्यांत मांडते. सेवेला शुल्क नाही, नोंदणीची सक्ती नाही. आमच्या प्रार्थनागटात तिचा वापर बराच काळ होत असल्यामुळे ती खरोखर किती भरवशाची आहे हे नीट तपासून पाहावे असे वाटले, आणि त्यासाठी मी दक्षिण चीनमधील याओ लोकांची पाने निवडली.

ही निवड सहज केलेली नाही. फार मोठा आणि प्रसिद्ध समूह घेतला तर त्याची माहिती कोणीही बरोबरच देणार, आणि अगदीच अनोळखी समूह घेतला तर दिलेली माहिती पडताळून पाहायला दुसरे काही हाताशी नसते. याओंच्या बाबतीत दोन्ही गोष्टी जुळून येतात. त्यांच्यातले कितीतरी गट हजार-दोन हजारांचे आहेत, आणि तरीही चिनी समाजशास्त्रज्ञांनी व युरोपीय अभ्यासकांनी त्यांच्यावर गेली नव्वद वर्षे इतके काम केले आहे की मिशनरी स्रोतांच्या बाहेर जाऊन पडताळणी करणे शक्य होते.

आधी पानाची रचना सांगतो. समूहाचे नाव, देश, अंदाजे लोकसंख्या, मुख्य भाषा, मुख्य धर्म, ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांची टक्केवारी आणि त्यातल्या इव्हँजेलिकलांची (बायबल आणि व्यक्तिगत श्रद्धा यांवर भर देणाऱ्या, मुख्यतः प्रॉटेस्टंट प्रवाहातल्या ख्रिस्ती लोकांची) टक्केवारी ही माहिती ठळकपणे दिलेली असते. तिच्या जोडीला पाच पायऱ्यांची प्रगतीची पट्टी असते. इव्हँजेलिकल दोन टक्क्यांपर्यंत आणि एकूण ख्रिस्ती पाच टक्क्यांपर्यंत असतील तर समूह 'न पोहोचलेला' ठरतो आणि सर्वांत खालच्या पायरीवर बसतो. पुढे त्या भाषेत बायबलचा किती भाग उपलब्ध आहे, ध्वनिमुद्रणे आहेत का, येशूच्या जीवनावरील चित्रपट त्या भाषेत आहे का, हे दिलेले असते. मग थोडा वर्णनपर मजकूर, लोकांच्या गरजा आणि शेवटी प्रार्थनेचे मुद्दे. मांडणी सुटसुटीत आहे, मोबाइलवरही पान नीट वाचता येते, आणि संगणकाची जाण असणाऱ्यांना संपूर्ण यादी उतरवून घेण्याची सोयही आहे.

आता याओ. चीन सरकारने मान्यता दिलेल्या ५५ अल्पसंख्याक राष्ट्रीयत्वांपैकी याओ हे एक असून २०२० च्या जनगणनेत त्यांची संख्या ३३ लाखांच्या पुढे गेली आहे. ग्वांग्शी, हुनान, ग्वांगदोंग, युन्नान आणि ग्वेइचौ या प्रांतांच्या डोंगराळ भागांत ते राहतात. व्हिएतनाममध्ये त्यांना दाओ म्हणतात, आणि लाओस व थायलंडच्या उत्तरेतही त्यांची गावे आहेत. सरकारी कागदावर हे सगळे एक असले तरी प्रत्यक्षात या एका नावाखाली एकमेकांची बोली न समजणारे अनेक समाज नांदतात. याचे सर्वांत लक्षवेधी उदाहरण ग्वांग्शीतील जिनश्यू परगण्यात, म्हणजे दायाओशान या डोंगररांगेत सापडते. एकाच डोंगरात तिथे पाच प्रकारचे याओ शेजारी शेजारी राहतात : चाशान, ह्वालान, आओ, पान आणि शान्झी. पान, शान्झी आणि आओ यांच्या बोली म्येन या मुख्य याओ भाषाशाखेतल्या. ह्वालानांची च्योंगनाय भाषा म्याओ लोकांच्या भाषांना जवळची. आणि चाशानांची लाक्क्या भाषा तर थाई आणि च्वांग यांच्या कुळाशी नाते सांगणारी. चाशान, ह्वालान आणि आओ हे पूर्वी डोंगराचे मालक होते आणि पान व शान्झी त्यांची जमीन खंडाने कसून जंगल जाळत, जागा बदलत फिरणारे होते. म्हणजे नुसता भाषेचा फरक नव्हता, मालक आणि कूळ असा भेदही त्यात होता.

या डोंगराची ओळख बाहेरच्या जगाला ज्यांनी नीट करून दिली त्यांची हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९३५ साली फेई श्याओतोंग हा तरुण समाजशास्त्रज्ञ आणि त्याची नवपरिणीत पत्नी वांग तोंगहुई ह्वालान याओंचा अभ्यास करण्यासाठी येथे आले. त्या वर्षीच्या डिसेंबरात एका गावाहून दुसऱ्या गावी जाताना वाट चुकून फेई वाघासाठी लावलेल्या सापळ्यात अडकले आणि जबर जखमी झाले; मदत आणायला एकटी निघालेली वांग तोंगहुई परतली नाही, आणि काही दिवसांनी तिचा मृतदेह डोंगरातल्या ओढ्यात सापडला. दोघांनी मिळून जमवलेली टिपणे फेईंनी पुढच्या वर्षी प्रसिद्ध केली. ह्वालान कुटुंबे पूर्वीपासून दोनच अपत्ये ठेवत, एक घरात राहून वारसा चालवी आणि दुसरे लग्न होऊन बाहेर जाई, ही आज वाचतानाही थक्क करणारी माहिती त्या टिपणांतून जगाला मिळाली. इतक्या छोट्या समाजाबद्दल इतके बारकाईचे लेखन सहसा सापडत नाही.

या पार्श्वभूमीवर 'जोशुआ प्रोजेक्ट'ची पहिली आणि मोठी जमेची बाजू अशी की ही सेवा सरकारी नावावर थांबत नाही. चीनच्या यादीत 'याओ' असा एकच ठोकळा न ठेवता तिने त्याचे अनेक गट पाडले आहेत आणि दायाओशानातल्या छोट्या समाजांनाही वेगळी पाने मिळाली आहेत. एखाद्या सामान्य ज्ञानकोशात ज्यांच्या वाट्याला अर्धी ओळसुद्धा येत नाही त्यांना येथे स्वतःचे पान, स्वतःचा नकाशा आणि स्वतःच्या भाषेचे नाव आहे. 'याओंसाठी प्रार्थना करा' असे मोघम म्हणण्यापेक्षा हजार-दीड हजार ह्वालानांना त्यांच्या नावाने ओळखणे हे कधीही चांगले, आणि त्या एका कामासाठी या सेवेचे आभार मानायला माझी काहीच हरकत नाही.

भाषेचा रकाना हा दुसरा उत्तम भाग. त्याचे महत्त्व म्येन भाषेच्या उदाहरणावरून कळते. थायलंडमधील म्येन लोकांसाठी, म्हणजे म्येन बोलणाऱ्या याओंसाठी, नवा करार १९७५ साली तयार झाला. पण त्याच सुमारास लाओसमधील यादवीमुळे हजारो म्येन कुटुंबे निर्वासित होऊन पुढे अमेरिकेत गेली, आणि एकाच भाषेचे लोक थाई लिपी, वेगवेगळ्या रोमन लिप्या आणि जुनी चिनी अक्षरे यांत विभागले गेले. १९८४ साली ग्वांगदोंगमधील रुयुआन येथे चीन आणि अमेरिकेतील म्येन प्रतिनिधींनी एकत्र बसून एका सामाईक रोमन लिपीवर सहमती केली, आणि संपूर्ण बायबल २००७ साली निघाले ते एकाहून अधिक लिप्यांत. आता गंमत अशी की म्येन बायबल हाती आले म्हणजे 'याओंना बायबल मिळाले' असे म्हणणारा माणूस चाशान याओंना विसरतो, कारण त्यांना ते एखाद्या मराठी माणसापुढे तमिळ बायबल ठेवावे इतके परके आहे. समूह आणि भाषा यांची सांगड घालून देणारा हा रकाना असली गल्लत टाळतो. त्यात एक गोष्ट मात्र वाचकाने स्वतःहून जोडून घ्यावी : जिनश्यूतली शाळेत शिकलेली पिढी चिनी वाचते, आणि १९१९ चे चिनी बायबल नानजिंगच्या अ‍ॅमिटी छापखान्यात कोट्यवधी प्रतींनी छापले गेले आहे. आईच्या भाषेत पुस्तक नाही म्हणजे कोणत्याच भाषेत वाचता येत नाही, असा अर्थ होत नाही.

कौतुक येथे थांबवतो, कारण धर्माचा रकाना वाचताना मात्र निराशा होते. या सेवेत मुख्य धर्म निवडायला बौद्ध, ख्रिस्ती, वांशिक धर्म, हिंदू, इस्लाम, निधर्मी, इतर, अज्ञात असे मोजकेच पर्याय आहेत. दाओ धर्म, म्हणजे चीनचा जुना 'ताओ' धर्म (व्हिएतनाममधल्या दाओ या लोकनामाशी त्याची गल्लत करू नये), त्यांत नाही. याओंच्या बाबतीत ही उणीव साधीसुधी नाही. याओ समाजातील पुरुषाला पूर्ण माणूस म्हणून मान मिळतो तो दिवे टांगण्याच्या दीक्षाविधीनंतर. पहिल्या पायरीला तीन दिवे, मग सात, आणि सर्वांत वरच्या पायरीला बारा. दीक्षेत त्याला विधीपुरते वेगळे नाव मिळते, मृत्यूनंतर पूर्वजांच्या यादीत त्याच नावाने त्याची नोंद होते, आणि वरच्या पायऱ्यांवर पत्नीलाही त्या मानाचा वाटा मिळतो. विधी चालवणारे पुरोहित चिनी अक्षरांतल्या हस्तलिखित पोथ्या वाचतात, आणि त्या वेळी घरात दाओ देवतांची रंगीत चित्रे टांगली जातात, ज्यांत सर्वांत वर 'तीन निर्मळ' देव असतात. डोंगरात फिरती शेती करणाऱ्या लोकांनी शेकडो वर्षे पोथ्या उतरवून काढत एक लिखित धर्म सांभाळला, हे चिनी धर्माच्या अभ्यासकांना इतके महत्त्वाचे वाटले की आज म्युनिकच्या बव्हेरियन राज्य ग्रंथालयात अडीच हजारांहून अधिक याओ हस्तलिखिते जतन केलेली आहेत. अशा लोकांपुढे 'वांशिक धर्म' हा शिक्का बसला की वाचणाऱ्याच्या मनात झाडाला नारळ फोडणारी एखादी अशिक्षित वस्ती उभी राहते. आमच्या गटातल्या एका ज्येष्ठ बाईंनी पान वाचून झाल्यावर, या लोकांना लिहिता-वाचता येत नसेल ना, असे विचारले होते. त्या प्रश्नात बाईंचा काहीच दोष नाही.

यात ख्रिस्ती वाचकाचेही नुकसान आहे. थायलंडमध्ये किंवा अमेरिकेत म्येन कुटुंब ख्रिस्ती होते तेव्हा त्याला काय सोडावे लागते, हे त्या रकान्यावरून कळत नाही. घरातली पूर्वजांची वेदी निघते, पोथ्या आणि चित्रे जातात, दीक्षेचे नाव पुढच्या पिढीला देता येत नाही, आणि लग्नात किंवा अंत्यविधीत डुक्कर बळी देऊन पूर्वजांना आमंत्रण देण्याच्या विधीत भावकीबरोबर बसता येत नाही. १९७० च्या दशकानंतर निर्वासितांनी विकलेली अशी देवचित्रे पाश्चात्त्य संग्राहकांच्या हाती गेली हेही त्याच काळातले. जो समाज एवढे मागे ठेवून येतो त्याच्यासाठी प्रार्थना करायची तर 'वांशिक धर्म' या दोन शब्दांपेक्षा अधिक काही ठाऊक असायला हवे.

आता टक्क्यांकडे वळू, कारण लोकांचा डोळा सर्वांत आधी तिथेच जातो. दीड हजारांच्या समाजात दोन टक्के म्हणजे ३० माणसे. तीन-चार कुटुंबे बाप्तिस्मा घेऊन आली की समाज सीमारेषेच्या जवळ येतो, आणि त्यातली दोन कुटुंबे कामासाठी ल्यूचौ शहरात गेली की पुन्हा मागे सरकतो. इतक्या लहान गटात टक्केवारीला अर्थच उरत नाही; तिथे माणसेच मोजायला हवीत, आणि ती मोजण्याची सोय नाही. चीनची जनगणना धर्म विचारत नाही, तसेच चाशान किंवा ह्वालान अशी वेगळी नोंदही करत नाही. शिवाय २०१८ पासून लागू झालेले धर्मविषयक नियम आणि २०२२ पासून इंटरनेटवरील धार्मिक मजकुरावर आलेली बंधने पाहता तिथल्या विश्वासणाऱ्यांनी आपली संख्या बाहेर कळवावी अशी अपेक्षा करणेही योग्य नाही. लोकसंख्येचा आकडा जुन्या अंदाजाला वाढीचा दर लावून पुढे सरकवलेला असतो आणि ख्रिस्ती टक्केवारी हा अंदाजावरचा अंदाज असतो. सेवेच्या बाजूने एवढे सांगायला हवे की दोन आणि पाच टक्के या मर्यादा काही अंशी मनानेच ठरवलेल्या आहेत, हे ती स्वतःच आपल्या व्याख्यांच्या पानावर मान्य करते. पण व्याख्यांचे पान कोण उघडतो? रंगीत पट्टी मात्र सगळे पाहतात.

या मोजपट्टीचा आणखी एक परिणाम मराठी वाचकाला घरबसल्या कळेल. ख्रिस्ती लोक निम्म्याहून अधिक पण इव्हँजेलिकल दोन टक्क्यांच्या आत असतील तर समूह 'वरवर पोहोचलेला' या पायरीवर बसतो. या हिशेबाने वसईचे सामवेदी ख्रिस्ती, ज्यांच्या घराण्यांत सोळाव्या शतकापासून बाप्तिस्मा चालत आला आहे आणि ज्यांच्या गावांतली चर्चेस अनेक प्रॉटेस्टंट देशांतल्या चर्चेसपेक्षा रविवारी अधिक भरतात, तेही 'वरवर'चेच. मी स्वतः प्रॉटेस्टंट आहे आणि कॅथलिक परंपरेशी माझे मतभेद आहेत, तरी हे वर्गीकरण माझ्या घशाखाली उतरत नाही. एका विशिष्ट पंथाच्या चष्म्यातून जग मोजले आहे, हे ध्यानात ठेवूनच आकडे वाचावेत.

मिशनकार्याचा इतिहास हा या पानांचा सर्वांत दुबळा भाग आहे. वाचणाऱ्याचा समज असा होतो की या डोंगरांकडे आजवर कोणी फिरकलेच नाही. वस्तुतः ग्वांग्शीत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वूचौ हे नदीकाठचे शहर ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे मोठे केंद्र होते, आणि तिथे बायबल शिकवणारी शाळा १८९९ पासून चालत होती. पण मिशनचे मनुष्यबळ नदीकाठच्या चिनी गावांत गुंतले, डोंगरातल्या लोकांपर्यंत जायला वेगळी भाषा आणि बरीच वर्षे हवी होती, आणि १९४९ नंतरच्या दोन-तीन वर्षांत परदेशी मिशनऱ्यांना देश सोडावा लागला. त्यानंतर याओंमधले ख्रिस्ती काम चीनबाहेर सरकले. चायना इनलँड मिशनचे लोक 'ओव्हरसीज मिशनरी फेलोशिप' या नव्या नावाने थायलंडच्या उत्तरेत आले आणि तिथल्या म्येन गावांत राहून त्यांनी भाषा शिकली, लिपी बसवली, शब्दसंग्रह केले. १९६८ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातून निघालेला याओ शब्दकोश सिल्व्हिया लोंबार्ड आणि हर्बर्ट पर्नेल यांच्या नावावर आहे, आणि पर्नेल यांचा त्याहून विस्तृत म्येन शब्दकोश निघायला २०१२ साल उजाडले. एका माणसाचे चार दशकांहून अधिक काळाचे काम हे. आपल्याकडे मोल्सवर्थच्या कोशाशिवाय मराठीच्या अभ्यासकाचे पान हलत नाही. म्येन भाषेपुरते ते स्थान या कोशांना आहे, आणि धर्म न बदललेले म्येनही ते वापरतात.

अमेरिकेतला प्रवास आणखी वेगळ्या वळणाचा. पोर्टलंड, सॅक्रामेंटो, ओकलंड येथे उतरलेल्या निर्वासित कुटुंबांची जबाबदारी अनेकदा चर्चेसनी घेतली होती, आणि घर, नोकरी, शाळा मिळवून देणाऱ्यांच्या देवळात जाणे हे कृतज्ञतेपोटीही घडले. शिवाय पोथ्या वाचणारे पुरोहित थोडे राहिले, डुकरांचा आणि विधींचा खर्च नव्या देशात पेलेना. हे सगळे नुसत्या सुवार्तेच्या बळावर झाले असे म्हणणे जितके भाबडेपणाचे, तितकेच ते केवळ आमिषाने झाले म्हणणेही अन्यायाचे आहे. व्हिएतनाममध्ये तर मिशनरी नव्हतेच; १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून ह्मोंग या डोंगरी समाजाच्या भाषेतले ख्रिस्ती रेडिओ कार्यक्रम ऐकून हजारो ह्मोंग ख्रिस्ती झाले, आणि त्यांच्या शेजारच्या काही दाओ गावांतही तीच लाट पोहोचली. तेव्हा 'याओ आणि सुवार्ता' हा विषय चार देशांत चार तऱ्हांनी घडला आहे. देशवार तोडलेल्या पानांवर त्याचे तुकडे दिसतात, पण एका पानावरून दुसऱ्यावर जाणारी वाट कोणी दाखवत नाही.

वर्णनपर मजकुराच्या वयाकडेही लक्ष द्यावे. चीनमधील अनेक लहान गटांचे वर्णन २००० साली निघालेल्या एका मिशनरी संकलनावर बेतलेले आहे. गेल्या पंचवीस वर्षांत ग्वांग्शीच्या डोंगरांत रस्ते आले, तरुण माणसे ग्वांगदोंगच्या कारखान्यांत गेली, जिनश्यूत पर्यटकांसाठी निवासगृहे उभी राहिली. 'गरजा' या शीर्षकाखाली मात्र बहुधा तीच ठरावीक यादी भेटते, आणि या लोकांजवळ काय आहे याविषयी फारसे काही सापडत नाही. दायाओशानच्या याओंनी दगडी पाट्यांवर गावाचे नियम कोरून चोरी, पाणी, जंगल यांचे तंटे स्वतःच सोडवण्याची पद्धत शतकानुशतके चालवली. १९५१ मध्ये या डोंगरातल्या सर्व याओंचा एकोप्याचा करारही त्याच जुन्या रीतीने दगडावर कोरला गेला. ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांच्याबद्दल आदर वाटायला एवढी एक गोष्ट पुरेशी झाली असती.

या सेवेच्या माहितीवरून छापलेल्या दुय्यम साहित्यापासून तर विशेष जपून राहावे. आमच्या हाती आलेल्या एका छापील प्रार्थनापुस्तिकेत, जिच्या प्रकाशकाचे नाव मी येथे देत नाही, ग्वांग्शीच्या याओंच्या पानावर तलावाकाठी उभ्या असलेल्या आफ्रिकी स्त्रियांचे छायाचित्र होते आणि खाली 'या लोकांवर इस्लामचा मोठा प्रभाव आहे' असे वाक्य होते. मलावी आणि मोझांबिकमध्येही याओ नावाचे लोक आहेत, ते बहुतांश मुस्लिम आहेत आणि त्यांचा चीनशी काडीचाही संबंध नाही. इंग्रजी स्पेलिंग एकच असल्यामुळे कोणीतरी चुकीचे पान उचलले, आणि एका सभेत वीसेक माणसांनी चीनच्या डोंगरात नसलेल्या मशिदींसाठी मनोभावे प्रार्थना केली. मूळ सेवेत हे दोन समूह देशानुसार स्पष्ट वेगळे आहेत, म्हणून दोष तिचा नाही. तरीही पुस्तिका वापरणाऱ्यांनी नाव दिसले की देश, आणि देश दिसला की भाषा पडताळायची सवय लावून घ्यावी.

आपल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, की लोकांना देशाऐवजी समाजागणिक मोजण्याच्या या कल्पनेचे एक मूळ भारतातच आहे. डोनाल्ड मॅकगॅव्हरन हे १८९७ साली मध्य प्रदेशातील दमोह येथे जन्मले आणि छत्तीसगडमध्ये त्यांनी अनेक वर्षे मिशनकार्य केले. जाती-समाजांतून माणसे एकेकटी न येता भावकीसकट ख्रिस्ती होतात, हे त्यांनी इथे पाहिले आणि त्यावर आपला सिद्धान्त उभा केला. अहमदनगर भागात अमेरिकन मराठी मिशनने महार आणि मांग समाजांत हेच अनुभवले होते. पुढे १९७४ साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे भरलेल्या जागतिक सुवार्ताप्रसार परिषदेत राल्फ विंटर या अमेरिकन मिशन-अभ्यासकांनी जगाकडे देशांऐवजी 'लोकसमूह' म्हणून पाहण्याचा आग्रह धरला, आणि आजच्या याद्या त्यातून निघाल्या. दख्खनच्या आणि छत्तीसगडच्या खेड्यांत दिसलेला नमुना अशा रीतीने ग्वांग्शीच्या डोंगरांवर बसवला गेला. तो तिथे थोडा बसतो आणि थोडा बसत नाही. ह्वालान आणि पान याओ आपसात पूर्वी लग्ने करत नसत हे खरे, पण एकाच डोंगरात राहून, एकाच करारावर शिक्का मारून ते एकत्रही आले, आणि फेईंनी पुढे आयुष्यभर हाच मुद्दा मांडला. यादीतल्या रेघा डोंगरातल्या रेघांपेक्षा पक्क्या आहेत.

महाराष्ट्राच्या यादीत मराठा, कुणबी, महार, मांग, धनगर अशी नावे ओळीने वाचताना माझ्यासारख्या ख्रिस्ती माणसालाही अवघडल्यासारखे होते, आणि इतरांना त्यात कट दिसतो. तसे वाटायला कारणेही घडली आहेत. नोव्हेंबर २०१८ मध्ये अंदमानातल्या उत्तर सेंटिनेल बेटावर मारला गेलेला जॉन चाऊ हा अमेरिकन तरुण सेंटिनेली लोकांविषयी प्रथम याच सेवेवर वाचून तिकडे ओढला गेला, असे त्या वेळच्या वृत्तांतांत आले होते. यादी वाचणारा प्रत्येक जण होडी घेऊन निघत नाही, हे मान्य. पण ज्यांच्यापर्यंत कोणी जाऊ नये असा कायदा आहे त्यांनाही त्याच लाल पट्टीने दाखवणे हा विवेकाचा अभाव आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

रोज एक समूह पाठवणारी त्यांची मोबाइल आणि ईमेल सेवा मी घेतली होती आणि बंद केली. दररोज नवे नाव, नवा नकाशा, दोन मिनिटांची प्रार्थना, की दुसऱ्या दिवशी दुसरे नाव. शिस्त लागावी म्हणून एखाद्या युवक संघाने काही काळ ती घेतली तर हरकत नाही. पण आमच्या गटाने आता तीन महिन्यांना एकच समूह घ्यायचे ठरवले आहे, आणि सध्या चाशान याओ चालू आहेत. मूळ पानावरून आम्ही नाव, ठिकाण, भाषा आणि बायबलची उपलब्धता एवढेच उतरवून घेतो. लोकसंख्या 'सुमारे' असे म्हणून सांगतो, टक्केवारी आणि रंगीत पट्टी वगळतो, आणि धर्माच्या रकान्याऐवजी दिव्यांच्या दीक्षेवरचे अर्धे पान वाचून दाखवतो. पानावर दुरुस्ती सुचवण्याची सोय आहे. दाओ धर्मासाठी वेगळा पर्याय ठेवावा ही सूचना मी तेथे पाठवली आहे. ज्या पाळकांना किंवा शिक्षकांना पहिल्यांदाच एखाद्या समूहाचा ठावठिकाणा शोधायचा आहे त्यांनी ही सेवा जरूर उघडावी, तिच्या तोडीची दुसरी विनामूल्य सूची माझ्या माहितीत नाही. प्रवचनात आकडे सांगण्यासाठी मात्र ती उघडू नये.